मित्रांच्या घरासाठी रंगीत काचेची खिडकी: शिसे की तांबे?

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात मित्र-दांपत्याने बांधलेल्या घरासाठी मी पळसफुलांची रंगीत काचेची खिडकी करीत आहे. मुले झोपल्यावर स्वयंपाकाच्या ओट्यावर काम चालते. जोडणीसाठी शिशाची पट्टी घ्यावी की तांब्याची?

उत्तर: पाकळ्यांच्या लहान, वळणदार तुकड्यांना चिकट तांब्याची पट्टीच योग्य, मोठ्या, सरळ तुकड्यांना शिशाची.

उत्तर: ताई, आधी ओटा सोडा. पट्टी कोणतीही घेतली तरी सांधे जोडायला वितळवून लावतात त्या ६०/४० सोल्डरमध्ये (कथील आणि शिशाच्या मिश्रधातूत) ४० टक्के शिसे असते आणि त्याचे कण पोटात गेल्यास मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा येते; म्हणून काम पडवीत करावे, जागा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी आणि मुलांना जवळ घेण्यापूर्वी हात साबणाने धुवून कपडे बदलावेत.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. आजच सामान पडवीत हलवते. फुलांना तांबे आणि कडेला शिसे चालेल का?

उत्तर: अवश्य चालेल.