डब्याच्या सुट्टीत सोबत कोण बसायचं? (शाळेतली स्वमग्न मुलं, तुमचे अनुभव)

सातारची आई
काल राजवाड्यावर कंदी पेढे घेत होते. मागून हाक आली, "काकू, ओळखलंत का?" लेकाचा पाचवीतला वर्गमित्र. मिसरूड फुटलंय आता. पहिला प्रश्न, "तो अजून बरोबर 2 वाजल्याशिवाय डबा उघडत नाही का?" मला तिथंच भरून आलं.

माझा लेक स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. सुट्टीत तो कान झाकून जिन्याखाली जाऊन बसायचा, व्हरांड्यातला गलका सोसायचा नाही त्याला. बाई म्हणायच्या, "आम्ही बसवून घेतो की त्याला वर्गात." बसवून घेणं वेगळं आणि आपल्यात घेणं वेगळं, हे मला तेव्हा नीट बोलता आलं नाही. हा पोरगा एक दिवस आपला डबा घेऊन जिन्याखाली गेला. बोलला काही नाही, नुसता जेवला. रोज जायला लागला. तिसऱ्या आठवड्यात लेकानं शेंगदाण्याची चटणी त्याच्यापुढं सरकवली.

तुमच्याकडं असं कोण होतं?

कृष्णाकाठ
शिपाईमामा! घंटा द्यायच्या आधी भाच्याच्या खिडकीशी येऊन बोट वर करायचे. त्यानं कान झाकले की मग टोल. ऑटिझम हा शब्द मामांना माहीत नव्हता, कुणी सांगितलंही नव्हतं. पोरगं दचकतंय हे त्यांनीच हेरलं.

दहीभात
आमचा पांढरंच खातो. दहीभात, इडली, साबुदाणा. कुकर लागलाय, नंतर लिहिते.

विश्रामबाग
आमच्याकडं कुणीच नव्हतं. वाढदिवसाचे फोटो वर्गाच्या ग्रुपवर पडले तेव्हा कळलं, अख्खा वर्ग होता, माझा एकटाच नव्हता. त्यानं फोटो मोठा करून एकेकाचं नाव वाचलं. कोण कुठल्या बाकावर बसतं तेही सांगितलं.

सातारची आई
विश्रामबाग, काय लिहू गं. तुझ्याजवळ आहे मी.

मिरजेचा बाबा
मुलीला गाड्यांचं वेड. वर्गात कुणी बोलायचं नाही, सहलीला न्यायची म्हटलं तर "जबाबदारी कोण घेणार?" भूगोलाच्या सरांनी रेल्वेच्या धड्याला तिला फळ्याजवळ बोलावलं. तिनं सांगली, नांद्रे, भिलवडी, किर्लोस्करवाडी, ताकारी असं करत थेट साताऱ्यापर्यंत म्हणून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून पोरं विचारायला लागली, मामाच्या गावाला कुठली गाडी जाते? सहलीला गेली ती त्या वर्षी. सर तिच्या शेजारी बसले.

कोरेगावकर
भिलवडीनंतर आमणापूर राहिलं की. बाकी पोरगी लई भारी!

निवृत्त बाई, वाई
मी पलीकडच्या बाजूनं लिहिते. एक मुलगा ओरडायचा म्हणून मी त्याला दाराबाहेर उभं करत असे. शिस्त लावतेय असं वाटायचं. पुढं एका प्रशिक्षणात कळलं, की तास अचानक बदलला की अशी मुलं बिथरतात. मग दिवसाचं वेळापत्रक फळ्याच्या कोपऱ्यात चित्रांनी काढायला लागले. पीटी रद्द झाली, तर चेंडू सकाळीच पुसायचा आणि तिथं पुस्तक काढायचं. नंतरच्या मुलांना त्याचा फार आधार झाला. पहिल्याला मात्र मी उन्हात उभं केलं होतं. त्याच्या आईला भेटायचंय, पाय उचलत नाही.

तासगावची मावशी
मध्येच विचारते, दहावीला लेखनिक मिळतो का? भाची नववीत आहे.

कृष्णाकाठ
मिळतो, मावशी. किमान 40 टक्क्यांचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आत्ताच काढून ठेवा. जादा वेळही मिळतो. प्रस्ताव शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडं जातो, तेव्हा मुख्याध्यापकांच्या मागं लागा. "आमच्याकडं सोय नाही" म्हणाले, तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा दाखवा. स्वमग्नता त्यात नावानिशी आहे.

दहीभात
आले. चटणीत लसूण चालतो का गं त्याला? आमच्याकडं वासानंच ताट सरकतं.

सातारची आई
लसूण चालतो, जिरं नाही. बाई, जाऊन या हो त्यांच्याकडं. मी त्या आईच्या जागी असते तर दार उघडलं असतं.

तो पोरगा रविवारी घरी येतोय. लेकाला आधीच फोटो दाखवलाय, कॅलेंडरवर खूण केलीय. पानं बरोबर 2 वाजता.

मिरजेचा बाबा
कोरेगावकर, मुलीला वाचून दाखवलं. म्हणते, मी आमणापूर म्हटलं होतं, बाबाच लिहायला विसरला.