मदत हवी आहे: हायलुरॉनिक आम्लासाठी कोणती मेम्ब्रेन घ्यावी?

अडकलेला_बडोदेकर:
नमस्कार. मकरपुऱ्यातील एका लहान युनिटमध्ये आम्ही हायलुरॉनिक आम्ल (साखरेच्या एककांची लांब साखळी असलेला पदार्थ) शुद्ध करतो. टीएफएफची (द्रावण मेम्ब्रेनवरून, म्हणजे गाळणीच्या पडद्यावरून, आडवे वाहवत गाळण्याची) कॅसेट सुरुवातीला उत्तम चालते, पण डायफिल्ट्रेशन (नवा द्रव घालत गाळून धुणे) अर्ध्यावर आले की परमिएटची (पडद्यापलीकडे येणाऱ्या द्रवाची) धार थेंबांवर येते. दोन कॅसेट बदलून पाहिल्या, तरी तेच. सोमवारी माल द्यायचा आहे, म्हणून सिद्धान्तात न शिरता दुसरी कोणती मेम्ब्रेन घ्यावी एवढेच कृपया सांगावे.

गाळणीवाला:
आपण कॅसेटचे छिद्रमान, क्षेत्रफळ, द्रावणाची तीव्रता, दाब यांपैकी काहीच लिहिलेले नाही. एवढ्यावर मेम्ब्रेन कशी सुचवायची?

जुना_केमिस्ट:
मेम्ब्रेनचा नाद सोडा. आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतले की पांढरे तंतू काडीवर गुंडाळून निघतात. आम्ही वर्षानुवर्षे असेच केले.

अडकलेला_बडोदेकर:
१०० केडीएची (किलोडाल्टन, म्हणजे पडदा अडवतो त्या रेणूंच्या वजनाचे माप) पॉलिइथरसल्फोन कॅसेट, ०.१ चौरस मीटर. द्रावण ५ लिटर, लिटरला २ ग्रॅम. धार मिनिटाला ४० मिली होती. चौथे आकारमान धुताना (चौथ्यांदा द्रावणाइतकाच नवा द्रव घालताना) ७ वर आली. दाब १ बारवरून १.८ केला, तेव्हा जरा वाढली आणि पुन्हा बसली. अल्कोहोलची पायरी पुढे आहेच, तो माझा प्रश्न नाही.

दांडिया_बाजार:
३०० केडीए घ्या. आमच्याकडे एक पडून आहे, हवी तर उद्या नेऊन वापरून बघा.

गाळणीवाला:
३०० ने नको असलेली प्रथिने थोडी सहज निघतील, पण धार बसण्याचे कारण छिद्र नसेल तर तीही बसेल. दाब वाढवणे तर उलटेच आहे: पडद्यावर जेलचा थर दाबून बसतो आणि दाब वाढवला तरी धार वाढत नाही. मुख्य प्रश्न राहिलाच, धुता कशाने?

अडकलेला_बडोदेकर:
अर्थातच शुद्ध पाण्याने. मीठ घालवण्यासाठीच तर धुतो. परमिएटची कंडक्टिव्हिटी (वीजवहन, ज्यावरून मिठाचा अंदाज येतो) १५ मायक्रोसीमेन्सवर आली आहे, रिटेन्टेटची (पडद्याअलीकडे राहिलेल्या द्रावणाची) मात्र ३५० च्या खाली जात नाही, म्हणून पाणी ओततच राहिलो.

इंजेक्शन_ग्रेड:
गुडघ्याच्या इंजेक्शनसाठी असेल तर एंडोटॉक्सिन (काही जिवाणूंच्या आवरणातले, ताप आणणारे विष) तपासा. हे आम्ल बनवणारा जिवाणू स्ट्रेप्टोकोकस असेल तर तो ग्रॅम-पॉझिटिव्ह (असे विष नसलेल्या गटातला) असल्यामुळे ते जिवाणूतून येत नाही, पण पाण्यातून आणि नळ्यांमधून येते.

अडकलेला_बडोदेकर:
आभारी आहे, पण आमचा माल सौंदर्यप्रसाधनांसाठी आहे.

गाळणीवाला:
आता उलगडले. दोष पडद्यात नाही, पाण्यात आहे. या साखळीच्या प्रत्येक दोन-साखरी एककावर कार्बॉक्सिलचा एक ऋण प्रभार असतो. द्रावणात मीठ असेपर्यंत हे प्रभार झाकलेले राहतात आणि साखळी गुंडाळीत राहते. मीठ धुऊन निघाले की प्रभार एकमेकांना ढकलतात, साखळी पसरते, चिकटपणा वाढतो आणि पडद्यालगतचा थर घट्ट होतो. बीकर तिरका करून पाहिलात तर पहिल्या आकारमानानंतरच्या आणि चौथ्यानंतरच्या द्रावणाच्या तारेतला फरक डोळ्यांना दिसेल. आणि ते ३५० म्हणजे राहून गेलेले मीठ नव्हे. सोडियम हायलुरोनेटचे एकक सुमारे ४०१ ग्रॅमचे, म्हणजे लिटरला २ ग्रॅममध्ये सुमारे ५ मिलीमोल सोडियम साखळीला बांधील आहे. साखळी पडद्यापलीकडे जात नाही, त्यामुळे विद्युत्-समतोलासाठी ते सोडियमही मागेच राहते. ते पाण्याने धुऊन कधीच जाणार नाही.

जुना_केमिस्ट:
म्हणजे मी म्हणत होतो तेच, अल्कोहोल.

गाळणीवाला:
नाही, काका. मीठ नसलेल्या या द्रावणात अल्कोहोल ओतले तर तुमचे पांढरे तंतू न येता दुधाळ गढूळपणाच येण्याची शक्यता जास्त. तुमच्या वेळी तंतू येत, कारण तुमच्या द्रावणात मीठ होते.

जुना_केमिस्ट:
हे मात्र खरे. आम्ही आधी मीठ घालत असू. सवयीचे असल्यामुळे लिहायचे राहून गेले.

गाळणीवाला:
अडकलेले बडोदेकर, रिटेन्टेटमध्ये सोडियम क्लोराइड घालून ते ०.१५ मोलरवर आणा आणि पुढचे धुणे त्याच तीव्रतेच्या मिठाच्या पाण्याने करा. मिठामुळे साखळीला चिकटलेली काही प्रथिनेही सुटतात. दाब पुन्हा १ बार करून वरून वाहणारा प्रवाह वाढवा, पण बेताने, कारण पंपाच्या घुसळणीने लांब साखळ्या तुटतात. मग त्याच मिठासह अल्कोहोलने खाली बसवा आणि उरलेले मीठ पाणी मिसळलेल्या अल्कोहोलने धुऊन काढा.

दांडिया_बाजार:
म्हणजे माझी ३०० ची कॅसेट नको?

अडकलेला_बडोदेकर:
तूर्त नको, पण मनापासून आभार. आत्ताच ४४ ग्रॅम मीठ तोलून टाकीत घातले आणि दाब १ बारवर आणला. पंधरा मिनिटांत धार ७ वरून २६ वर आली आणि बीकरमधली तार तुटून थेंब पडू लागले. आता साहेबांना रिटेन्टेटची कंडक्टिव्हिटी शून्य का होत नाही, हे त्या ५ मिलीमोलच्या हिशेबाने समजावतो.