बाळ एनआयसीयूत आहे आणि मला रडूच येत नाही

बाळ ३१व्या आठवड्यात झालं, म्हणून एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे. आज अकरावा दिवस. पेटीत हात घालून तळव्याला बोट लावते, पण माझ्या आत काहीच हलत नाही. घरी मॉनिटरची टीं-टीं कानात वाजत राहते, झोप नाही. माझी माया आटली का?

— नाही गं. मीही अशीच बधिर झाले होते. सिस्टरांनी कांगारू केअरसाठी लेकीला उघड्या छातीवर ठेवलं, तिसऱ्या दिवशी ढसाढसा रडले. तुलाही विचारता येईल.

— डॉक्टरांना स्वतःबद्दलही सांग. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला एडिनबर्ग प्रश्नावली असते, तिच्यात १० प्रश्न असतात. शेवटचा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तसं काही मनात आलं तर त्याच दिवशी बोल, थांबू नकोस.

— तसं नाही ताई. पण उद्या सांगते. तुम्ही लिहिलंत आणि आत्ता डोळे भरून आले.