रेट जनुकाचा रिपोर्ट आला, लेक साडेचार वर्षांची आहे. काय करू?

वाईची लेक:
धाकट्या भावाच्या गळ्यातली गाठ मेड्युलरी थायरॉईड कॅन्सरची निघाली. वडीलही ४८व्या वर्षी गळ्याच्या गाठीनंच गेले, तेव्हा जनुक वगैरे कुणी तपासलं नव्हतं. भावाच्या रिपोर्टात लिहिलंय: रेट, एक्सॉन ११, कोडॉन ६३४, सिस्टीनच्या जागी आर्जिनिन. माझंही रक्त तपासलं, तोच बदल. सासूबाई म्हणतात, पोर धडधाकट आहे, उगाच सुया कशाला? माझा मात्र रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. एवढ्याशा बदलानं बिघडतं तरी काय?

सूक्ष्मदर्शी:
ताई, रेट जनुकावरून बनतं ते पेशीच्या पडद्यात रोवलेलं विकर (एन्झाइम). बाहेरून निरोप आला की त्याचे दोन रेणू जोडीनं येतात आणि आत 'वाढा' असा हुकूम सुटतो. हा रेणू म्हणजे अमिनो आम्लांची माळ. तिच्यातला ६३४वा मणी, म्हणजे सिस्टीन, एरवी त्याच रेणूतल्या दुसऱ्या सिस्टीनला गंधकाच्या बंधानं बांधलेला असतो. तो गेला की दुसरं सिस्टीन मोकळं पडतं आणि शेजारच्या रेट रेणूतल्या तशाच मोकळ्या सिस्टीनला जाऊन चिकटतं. मग निरोप नसतानाही हुकूम चालूच राहतो. थायरॉईडमधल्या सी पेशी, म्हणजे कॅल्सिटोनिन हे संप्रेरक बनवणाऱ्या पेशी, वाढतात त्या यामुळे; मेड्युलरी कॅन्सर यांचाच. या पेशी आयोडीन घेत नाहीत, म्हणून किरणोत्सारी आयोडीनचा इथे उपयोग नाही, शस्त्रक्रियाच खरी.

लेकीला हा बदल मिळण्याची शक्यता निम्मी. तपासणी एकदाच करायची. बदल नसेल तर पोर यातून सुटली. असेल तर ६३४साठी साधारण पाचव्या वर्षापर्यंत थायरॉईड काढतात, रक्तातलं कॅल्सिटोनिन बघून. थांबू नका.

अनशापोटी:
मीही ६३४वालीच. थायरॉईड काढून ११ वर्षं झाली, रोज सकाळी उठल्या उठल्या गोळी घेते, बाकी सगळं करते. एक कळकळीनं सांगते, याच बदलानं मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीतही गाठ होऊ शकते, म्हणून भावाची आणि तुमची ती ग्रंथी ऑपरेशनआधी तपासून घ्या, २४ तासांच्या लघवीतलं मेटानेफ्रिन (त्या गाठीची खूण). आमच्या आईचं ते राहून गेलं होतं. भूल दिल्याबरोबर बीपी २५०च्या वर, ऑपरेशन तिथंच थांबवावं लागलं.
आणि ताई, सगळं लेकीचं विचारलंत. स्वतःचं कॅल्सिटोनिन केलंत का?

वाईची लेक:
नव्हतं केलं. सुचलंच नाही.
काल दोघींचं रक्त दिलं. पोर रडली नाही, पण हातावरचा कापूस रात्री झोपेपर्यंत काढू देईना. लघवीचा पाच लिटरचा कॅन आणलाय, उद्या सकाळपासून साठवते. माझ्या गळ्याची सोनोग्राफी सोमवारी.