मदत हवी आहे: तीन जादा स्विच, तीन रिले आणि बंद केल्यावरही न विझणारे दिवे

नमस्कार मंडळी,

तीन रविवार डॅशबोर्डखाली उताणा पडून काढले, आता डोकं चालेनासं झालंय. गाडी १२ व्होल्टची, जुनी, साध्या वायरिंगची. दोन वर्षांत तिच्यात एकेक करत तीन गोष्टी बसवल्या: पुढे जादा दिव्यांची जोडी (प्रत्येकी ६० वॅट), टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर (त्याच्यावर १४ अँपिअर लिहिलंय) आणि मागे १८ वॅटचा एक कामाचा दिवा. प्रत्येक वेळी नवा स्विच, नवा रिले (स्विचच्या बारीक प्रवाहावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा खटका), नवी वायर, आणि "नीट नंतर बांधू" म्हणत गुंडाळलेली टेप.

जोडणी अशी आहे. तिन्ही रिले चार पायांचे. ३० क्रमांकाच्या पायाला बॅटरीकडून फ्यूजमार्गे येणारी वायर, ८७ वरून उपकरणाकडे, ८६ ला स्विचमधून येणारा प्लस, ८५ बॉडीला अर्थ. स्विचच्या आत छोटा बल्ब आहे, एलईडी नाही. स्विच लावला की तो पेटतो. या तीन बल्बांच्या अर्थच्या वायरी एकत्र पिळून एकाच बोल्टखाली दाबल्यात.

आता त्रास सांगतो. पुढचे दिवे चालू असताना कॉम्प्रेसर लावला आणि मग दिव्यांचा स्विच बंद केला, तर दिवे विझतच नाहीत. कॉम्प्रेसर बंद केला की रिलेचा टक् आवाज येतो आणि मग विझतात. पण दिवे आधीपासून बंद असतील तर कॉम्प्रेसर लावल्यावर ते आपणहून पेटत नाहीत! शिवाय हल्ली स्विचमधले बल्ब मंद जळतात, आणि जो स्विच बंद आहे त्याचाही बल्ब मिणमिणतो. रिले चिकटला असेल म्हणून नवा घातला, तरी तेच. मागच्या दिव्याच्या रिलेशी अदलाबदल केली, तरी तेच.

हे नक्की कशामुळे होतंय? आणि सगळं उपटून पुन्हा करायचंच आहे, तर रिले कुठे ठेवू, डॅशबोर्डखाली की बॉनेटमध्ये? जोडांना डाग (सोल्डर) द्यावा की थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) दाबावेत? सध्या तिन्ही फ्यूज डॅशबोर्डखाली आहेत. बॅटरीपासून तिथवर दीडेक मीटर वायर येते, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकातून, ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं रबरी कडं) न लावता. गाडीत घरची माणसं बसतात, म्हणून या वेळी काम पक्कं व्हायला हवं.

प्रतिसाद:

दिव्यांचं कोडं नंतर बघू. तुमचं शेवटचं वाक्य वाचून आधी हे सांगतो: आजच बॅटरीचं मायनस टर्मिनल काढा, मग फ्यूजपर्यंत येणारी ती जादा वायर प्लसवरून सोडवा आणि काम पूर्ण होईपर्यंत गाडी तिच्याशिवाय चालवा. त्या भोकाच्या पत्र्याला धार असते. गाडीच्या थरथरीने वायरचं आवरण घासून तांबं पत्र्याला टेकलं, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडते आणि मध्ये फ्यूजच नाही. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, म्हणून त्याची जागा बॅटरीपासून वीतभर अंतरात.

आता कोडं. तुमच्या तीन बल्बांचा तो एकत्र अर्थ तुटलाय किंवा ढिला आहे. कॉम्प्रेसरचा स्विच लावला की प्लस त्याच्या बल्बातून त्या पिळलेल्या जोडात येतो, पुढे अर्थ मिळत नाही, म्हणून दिव्यांच्या स्विचच्या बल्बातून उलटा शिरून त्यांच्या रिलेच्या कॉइलमधून (८६ आणि ८५ मधलं वेटोळं, जे चुंबक बनून खटका ओढतं) बॉडीला जातो. दोन बल्ब पार करून आलेला हा प्रवाह इतका कमी असतो की रिले ओढला जात नाही, पण ओढलेला रिले धरून ठेवायला तो पुरतो. म्हणून दिवे आपणहून लागत नाहीत, पण लागलेले विझतही नाहीत. तपासायला फक्त कॉम्प्रेसरचा स्विच लावा आणि बल्बांचा तो जोड व बॉडीचा स्वच्छ पत्रा यांच्यात व्होल्ट मोजायचा मीटर धरा. शून्याच्या जवळ यायला हवं. चार-पाच व्होल्ट दिसले तर दोष सापडला.

रिले बॉनेटमध्येच ठेवा, बॅटरीजवळ, झाकणाच्या पेटीत, वायरी खालच्या बाजूने बाहेर पडतील असे, म्हणजे पाणी आत साठत नाही. एक्झॉस्टपासून मात्र लांब. बॅटरीवरून ४० अँपिअरचा मुख्य फ्यूज आणि ६ चौरस मिमी वायर पेटीपर्यंत. पुढे दिव्यांना १० अँपिअर लागतात, तेव्हा १५ चा निळा फ्यूज. कॉम्प्रेसरला २० चा पिवळा. या दोघांना वायर २.५ चौरस मिमी. मागच्या दिव्याला ५ चा फ्यूज आणि १ चौरस मिमी पुष्कळ. कॉइल जेमतेम ०.१५ अँपिअर घेते, म्हणून फायरवॉलमधून फक्त बारीक वायरी आत जातील, त्याही ग्रोमेटमधून. स्विचना प्लस किल्ली फिरवल्यावर येणाऱ्या वायरीवरून ३ अँपिअरच्या फ्यूजमार्गे द्या, म्हणजे रात्रभर काही चालू राहून बॅटरी उतरणार नाही.

थिंबलच दाबा, चांगल्या दाबपकडीने. डाग दिलेली वायर जिथे डाग संपतो तिथे कडक होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते.

नीटनेटकेपणाचं म्हणाल, तर वायरींचा जुडगा गाडीत बांधू नका. सुतळीने मापं घ्या, फळीवर खिळे ठोकून त्याच वळणांनी वायरी पसरा, फाटे जिथे फुटतात तिथे बांधा आणि मगच गाडीत न्या. आत कापडी टेप (साधी टेप उन्हाने चिकट होऊन सुटते), बॉनेटमध्ये नालीदार पाइप. दोन्ही टोकांना चिठ्ठी, तिच्यावर पारदर्शक हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). पेडल आणि स्टिअरिंगच्या दांड्याजवळ काहीही लोंबता कामा नये.

मूळ प्रश्नकर्ता:

५.६ व्होल्ट! बोल्ट रंगावरच आवळला होता, आणि खाली गंजही होता. पत्रा घासून पांढरा केला, नवं थिंबल लावलं, दिवे आता स्विचसरशी विझतात. विनाकारण बदललेला रिले आता सुटा म्हणून डिकीत ठेवतो. फ्यूज नसलेली वायर काढून टाकली आहे, फळी आणि खिळे तयार आहेत. एकच शंका उरली: मागच्या दिव्याचा अर्थ मागेच बॉडीला देऊ, की वायर ओढून पुढे आणू?

प्रतिसाद:

मागेच द्या. दिवा चालू ठेवून तो बोल्ट आणि बॅटरीचं मायनस यांच्यात मीटर लावा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर पत्रा पुन्हा घासा, आणि आवळल्यावर वरून ग्रीस लावा.