युवा सल्लागार समितीला प्रशिक्षण द्यायचे, पण कशाचे?

सागरवेळ (रत्नागिरी)

नगरपरिषदेने तरुणांची सल्लागार समिती नेमावी असे म्हटले की सहसा कोणी विरोध करत नाही. मला काळजी वाटते ती त्यापुढची. पंधरा-वीस मुलांची निवड झाली, पुष्पगुच्छ दिले गेले, छायाचित्रे छापून आली आणि पहिल्याच बैठकीत त्यांच्या हाती चाळीस विषयांची विषयपत्रिका पडली, तर ती मुले काय करतील? मतदानाचे वय १८ आणि नगरसेवकपदाची निवडणूक लढवण्याचे वय २१, पण या मधल्या वर्षांत नगरपरिषद चालते कशी हे कोणी शिकवत नाही. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नगराध्यक्ष भेटतात, लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातले जमा-खर्चाचे खाते) भेटत नाही.

म्हणून समितीवर आलेल्या मुलांना दोन-तीन महिन्यांचे प्रशिक्षण द्यावे, असे माझे मत आहे. मात्र ते वक्तृत्वाचे किंवा 'नेतृत्वगुणविकासा'चे नसावे. तसली शिबिरे आपल्याकडे रग्गड होतात. त्यांना आधी गेल्या वर्षभराच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते वाचायला द्यावीत, ठरावाला सूचक आणि अनुमोदक का लागतो, प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मंजुरी यांत फरक काय, हे प्रत्यक्ष कागदांवरून समजावून द्यावे. मग एकच विषय मुळापासून शेंड्यापर्यंत चालत पाहावा. रत्नागिरीत शीळ धरणातले पाणी आपल्या गल्लीतल्या नळापर्यंत कसे येते, वाटेत कोठे मुरते, पाणीपट्टी किती जमा होते आणि वीजबिल किती भरावे लागते, एवढे ज्या मुलीने वहीत मांडले, तिला पाण्यावर बोलताना कोणाची भीड वाटणार नाही. शेवटी लेखन: एका विषयावर एक पान, त्यात मागणी, अंदाजे खर्च आणि जबाबदार विभाग.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९९५ साली मतदारांच्या कौलाने शहराच्या सनदेतच युवा आयोग घातला गेला. त्यावर १२ ते २३ वयाचे १७ सदस्य असतात, आणि मुलांशी व तरुणांशी मुख्यतः संबंधित असलेला विषय आयोगाकडे पाठवल्यावर त्यांच्या अभिप्रायासाठी १२ दिवस थांबल्याशिवाय, आणीबाणी वगळता, तिथले नगरमंडळ अंतिम निर्णय घेत नाही. बारा दिवसांत अभिप्राय लिहायचा तर कागद वाचता आलाच पाहिजे.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

आपला हेतू चांगला आहे, तरीही मी या कल्पनेच्या विरोधात आहे.

प्रशिक्षण ही चाळण असते. तीन महिने शनिवार-रविवार मोकळे कोणाला असतात? मिरकरवाड्याला पहाटे बोटीवरून मासळी उतरवणाऱ्या मुलाला नाही, लोट्याच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या शिकाऊ कामगाराला नाही, घरी धाकटी भावंडे सांभाळणाऱ्या मुलीला तर नाहीच. उरतात ती शिकवणीला जाणारी, व्यासपीठाची सवय असलेली, ज्यांच्या वडिलांना मुख्याधिकारी नावाने ओळखतात अशी मुले, आणि मग त्यांचेच मत 'शहरातील तरुणांचे मत' म्हणून नोंदवले जाते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले तेव्हा कोणत्या आळीत म्हातारी माणसे एकटी राहतात आणि कोणत्या माडीवर दोर टाकता येईल, हे पोरांना ठाऊक होते. ते ज्ञान कोणत्याही शिबिरातून आले नव्हते. समितीला त्याचीच गरज आहे. परंतु आपण त्या पोराला आधी नस्ती (फाइल), टिपणी आणि लेखाशीर्ष शिकवणार, आणि शिकता शिकता तो कार्यालयाच्याच भाषेत बोलू लागणार. 'निधी उपलब्ध नाही' हे वाक्य ऐकायला आपल्याला अधिकारी पुरेसे आहेत, त्यासाठी तरुण कशाला तयार करायचे?

मुलांच्या सहभागाविषयी रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली होती. तिच्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना वापरून घेणे, त्यांना शोभेसाठी बसवणे आणि नावापुरते सामील करणे. या तिन्हींना त्यांनी सहभाग मानलेच नाही. अधिकार नसलेली समिती कितीही शिकवली तरी त्या तिसऱ्या पायरीवरच उभी राहते. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांत वर्षानुवर्षे प्रशासक बसले होते आणि निवडणुका घ्या हे ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. जिथे मोठ्यांचे सभागृहच रिकामे राहू शकते, तिथे मुलांच्या सल्ल्याची काय मातब्बरी?

जुना कारकून (सिंधुदुर्ग)

नोकरीची बरीच वर्षे एका नगरपरिषदेत काढली, त्या अनुभवावरून लिहितो. एका मंडळाची मुले व्यायामशाळेसाठी अर्ज घेऊन तीन वर्षे येत होती. ती जागा नगरपरिषदेच्या नावावरच नव्हती, हे आमच्या टेबलाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पण अर्ज आवक नोंदवहीत चढवायचा आणि 'वरती पाठवला आहे' म्हणायचे, एवढेच आम्ही केले. मीही केले. त्या मुलांपैकी एकाला जरी मिळकत पत्रिका, म्हणजे जागा कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा कागद, वाचता आली असती, तर तीन वर्षे वाचली असती आणि आमची थोडी शोभा झाली असती. वाशिष्ठीकाठ यांना कागदाची भाषा तरुणाला बिघडवील असे वाटते. मी मात्र ती भाषा येत नसलेल्यांना परत पाठवण्याचेच काम पगार घेऊन केले आहे.

पैशाचेही तसेच. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात आपल्यासारख्या लहान शहरांना मिळणाऱ्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे तो पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचा. मुले क्रीडांगण मागतात आणि 'पैसे असून देत नाहीत' म्हणून चिडतात. बंधित-अबंधित हा भेद समजला, तर तीच मुले उरलेल्या ४० टक्क्यांचे काय केले असे विचारतील, आणि हा प्रश्न जास्त अडचणीचा आहे. वर्ग मात्र सभागृहात घेऊ नका. वेंगुर्ल्याने जुन्या कचराभूमीचे लोकांनी पाहायला यावे असे ठिकाण केले; तिथल्या वर्गीकरणाच्या शेडमध्ये एक दिवस उभे राहिले, तरी घनकचऱ्यावर चार व्याख्याने ऐकण्याची गरज उरत नाही.

तांबडी माती (रत्नागिरी)

माझी मुलगी बारावीला आहे, म्हणून एक साधी शंका विचारते. अंदाजपत्रकाची चर्चा नवे आर्थिक वर्ष लागण्याआधी होणार, म्हणजे नेमकी बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर. निकाल लागला की आमची मुले पुण्या-मुंबईला जातात आणि मग गणपतीला चाकरमान्यांच्या गर्दीतून घरी येतात. शिकवून तयार केलेले मूल कोकणकन्येत बसवून द्यायचे असेल, तर हे प्रशिक्षण नक्की कोणत्या शहरासाठी?

सागरवेळ (रत्नागिरी)

ताईंची शंका मला सर्वांत अवघड वाटते आणि तिला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. समितीत निम्म्या जागा अठरा ते पंचवीस वयाच्या, इथेच काम करणाऱ्या तरुणांना ठेवाव्यात, एवढे सुचते. जुन्या सदस्यांनी नव्यांना शिकवावे, म्हणजे दरवर्षी मुळारंभापासून सुरुवात करावी लागणार नाही.

चाळणीचा आक्षेप मला मान्य आहे. प्रशिक्षण ही निवडीची अट नसावी. प्रत्येक प्रभागातून आलेल्या अर्जांतून चिठ्ठी काढावी आणि ज्याचे नाव निघेल त्याला शिकवावे. रोजगार बुडत असेल तर भत्ता द्यावा. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. जाळी विणायची असली तरी तेव्हा बोटीवरची मुले जमिनीवर असतात. शिवाय गटार कोठे तुंबते हे पावसाळ्यातच दिसते.

मात्र शिकवल्याने तरुण कार्यालयाचा होतो, हे मला पटत नाही. नियम ठाऊक नसलेल्या माणसाला गप्प करायला 'हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही' एवढे वाक्य पुरते, आणि किनाऱ्यावर तर ते फार चालते: बंदर कोणाचे, मासळी उतरवण्याचा धक्का कोणाचा, महामार्गाच्या कडेची मोरी कोणाची, प्रत्येकाचे खाते वेगळे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय दिले आहेत. ती यादी खिशात असलेला मुलगा निदान चुकीच्या दारावर डोके आपटणार नाही. आणि चिपळूणचेच पाहा: निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे ज्या पोराला कळेल, त्याला दोर कोठे टाकायचा हे तर ठाऊक आहेच, पण तिथे बांधकामाला परवानगी का मिळाली हेही तो विचारील.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

पूररेषेचा मुद्दा लागला, हे प्रांजळपणे कबूल करतो. चिठ्ठी आणि भत्ता असेल तर माझा अर्धा विरोध संपतो.

उरलेला अर्धा कायम आहे, कारण आपण सगळे शिकवणे मुलांच्याच माथी मारत आहोत. सोळा वर्षांच्या मुलीने बैठकीत प्रश्न विचारला की 'बाळ, तुला अजून कळायचे आहे' असे म्हणणाऱ्यांचे प्रशिक्षण कोण घेणार? पहिला वर्ग मुख्याधिकारी, विभागप्रमुख आणि नगरसेवक यांचा व्हावा, आणि समितीच्या प्रत्येक अभिप्रायाला ठरलेल्या मुदतीत, कारणांसह, लेखी उत्तर द्यावे लागेल असा ठराव सभेने आधी करावा. तो ठराव होईपर्यंत मी माझ्या भाच्याला या समितीसाठी अर्ज करू देणार नाही.

जुना कारकून (सिंधुदुर्ग)

मुदत शोधायला लांब जायला नको. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरणाऱ्या कोणाही नागरिकाला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. नगरपरिषदेने स्वतः नेमलेल्या समितीला त्याहून जास्त थांबवण्याचे कारण मला तरी सुचत नाही. ठरावाचा मसुदा हवा असल्यास लिहून देतो. हात अजून चालतो.

तांबडी माती (रत्नागिरी)

मसुद्यात बैठकीची वेळही घाला. ती चारच्या आत संपावी. हद्दीतल्या वाड्यांवर पावसात सहानंतर बस मिळत नाही, आणि मुलीला परत आणायला कोणी नसेल तर चिठ्ठीत नाव निघूनही ती येणार नाही.