मेक्सिको सिटीहून एका दिवसात: पुएब्ला की तास्को? (सोबत आईबाबा)

शेवगा: नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात आईबाबांना घेऊन चार दिवस मेक्सिको सिटीला जातेय. त्यातला सोमवार मोकळा आहे. स्पॅनिश काळातली जुनी गावं दाखवणारी, गाइड असलेली बस हवी. दोन पर्याय दिसतात: चोलुला-पुएब्ला किंवा क्वेर्नावाका-तास्को. बजेट माणशी १००० पेसो, त्यावर एक पेसोही नाही. आईचे गुडघे दुखतात. दोघंही शाकाहारी (बाबा अंडं खातात, आईच्या मागे). कुठली घेऊ?

डॅलसचा_दिगू: बजेट विसरा, प्रायव्हेट गाडी करा. आम्ही केली होती. गाडीत थंड पाणी, वायफाय, ड्रायव्हर फर्डा इंग्रजी बोलणारा. आणि ग्वानाह्वातोला जा. बाकी सगळं त्यापुढे फिकं.

कोथिंबीरवडी: दिगू, ग्वानाह्वातो एका बाजूने जवळपास पाच तास आहे. आईंच्या गुडघ्यांचं काय?
शेवगा, डोळे झाकून पुएब्ला. दोन-अडीच तासांत पोचता. चोलुलाला जी टेकडी दिसते ती टेकडी नाहीच, पिरॅमिड आहे. आकारमानाने जगातला सर्वांत मोठा, आणि त्याच्या डोक्यावर स्पॅनिशांनी चर्च बांधलंय. चढ दमवतो, आईंना खालीच बसवा. त्यापेक्षा जवळचं तोनान्त्सिन्त्लाचं चर्च दाखवा. लहानसं, पण आत तसूभर जागा कोरी नाही. स्थानिक कारागिरांनी देवदूतांना आपलेच चेहरे दिलेत, मध्ये फळंबिळं कोंबलीत. फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे.

अण्णा_सनीवेल: ही गाइडवाली बस म्हणजे दुकानांची वारी असते. आम्हाला पुएब्लात तालावेरा मातीच्या भांड्यांच्या दुकानात दीड तास डांबलं आणि सान्तो दोमिंगोमधल्या सोन्याने मढवलेल्या रोझरी चॅपलला वीस मिनिटं. हिने एक वाडगा घेतला. किंमत लिहीत नाही. विमानात फुटला.

नीलपरी: पुएब्लाला +१. चोलुलाची टेकडी खरं तर पिरॅमिड आहे बरं का!
शाकाहारींनी मोले (तिथला दाट रस्सा) जपून खा. ‘मांस नको’ म्हटलं की तुकडे बाजूला काढतात, रस्सा कोंबडीच्या पाण्यातलाच. ‘सिन काल्दो दे पोयो’ (कोंबडीच्या पाण्याशिवाय) असं स्पष्ट विचारा.

रश्श्याचा_राजा: मोले म्हणजे आपलं काळं वाटणच की. फक्त चॉकलेट घातलेलं.

मालवणी_मिरची: काळ्या वाटणाचा अपमान करू नये. आणि आपलं म्हणजे कोणाचं? कोल्हापूरचं का?

अण्णा_सनीवेल: त्या वाडग्यात मोलेच वाढणार होतो.

पोथीवाला: पुएब्लाचा एक धागा आपल्याकडेही येतो. सतराव्या शतकात हिंदुस्थानातली एक मुलगी पोर्तुगीज चाच्यांच्या हाती सापडली आणि मनिलामार्गे जहाजाने मेक्सिकोत गुलाम म्हणून विकली गेली. तिथे ती कातारिना दे सान हुआन झाली. १६८८ साली पुएब्लातच वारली. लोक तिला ‘चिना पोब्लाना’ म्हणतात. त्याच नावाचा भरजरी पोशाख मात्र तिचा नव्हे, तो नंतरचा.

डॅलसचा_दिगू: मराठी होती का?

पोथीवाला: मोगल मुलुखातली सांगतात. सगळं मराठी नसतं हो.

सोमवारची_सुमी: सगळे पुएब्ला-पुएब्ला करताय, पण तिने *सोमवार* लिहिलंय! म्युझियमं बंद असतात. १६४६ ची पालाफोक्सियाना लायब्ररीही बंद. आणि नोव्हेंबरचा तिसरा सोमवार असेल तर सरकारी सुट्टी, म्हणजे हायवेवर मुंगीच्या पावलाने. तरी पुएब्लाच बरं. तास्को नको, सगळं गावच डोंगराला टांगलेलं. नुसते दगडी चढ.

कोथिंबीरवडी: तास्को आईंना झेपणार नाही. सान्ता प्रिस्का चर्च सुरेख आहे (खाणमालक बोर्दाने १७५१ ते १७५८ या सात वर्षांत उभारलं), पण तिथपर्यंत चढायचं कोणी? पांढऱ्या बीटल टॅक्सी मिळतात एवढाच दिलासा. चांदी घेतलीत तर ९२५ चा शिक्का बघून.

केळीची_वाडी: मी वसईचा, म्हणून मध्येच तोंड घालतो. क्वेर्नावाकाच्या कॅथेड्रलच्या भिंतींवर जुनी चित्रं आहेत, नंतरच्या थरांखाली झाकली गेलेली. १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर दिलेल्या २६ ख्रिश्चनांची. त्यांत मेक्सिकोचा फेलिपे होता, आणि आपल्या वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सियासुद्धा. आमच्याकडे त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. बस तिथे अर्धा तासच थांबते. गाइडच्या मागे न जाता सरळ आत शिरा.

शेवगा: सगळ्यांचे आभार. वरची पोस्ट बाबांना वाचून दाखवली. त्यांनी नोकरीची अकरा वर्षं वसईत काढली, त्या कॉलेजवरून रोज सायकलने जायचे. दोनदा वाचायला लावली. क्वेर्नावाका-तास्कोचीच बस घेतली, माणशी ९५०. आई म्हणते, तास्कोत चांदीचं निरांजन घेते, गुडघ्यांचं माझं मी बघते. गाइड फक्त स्पॅनिश बोलतो, हे पैसे भरल्यावर कळलं.

सोमवारची_सुमी: आता चढा.

डॅलसचा_दिगू: आमचा ड्रायव्हर इंग्रजी बोलायचा. नंबर विपूत (तुमच्या विचारपूस पानावर) टाकू का?